विहीर वाढली

मावळात राहून मी दुष्काळ मोजते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघतो आणि मग डोंगराकडं. लोणावळ्याच्या एका चिक्कीवाल्याला मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले होते. त्यानं शेंगदाणा चिक्कीचा पुडा बांधता बांधता विचारलं, "आजी, इथं लोक लांबून भिजायला येतात आणि तुम्ही दुष्काळ शोधताय?" माझ्याकडं उत्तर तयार होतं. पाऊस पडतो हे खरं, पण तो कातळावर पडतो, उतारानं पळतो, आणि दिवाळी सरली की आमच्याकडं त्याच्या नुसत्या गोष्टी उरतात, असं मी सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. कागद तरी उठून जात नाही.

माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं सगळं शिक्षण वाणसामानाच्या पुड्यांवर झालं. पुडा सोडला की कागद सरळ करून वाचायचा. त्यावर बातमी नेमकी अर्धी असायची, उरलेली अर्धी मी मनानं जुळवायची. ती सवय अजून गेलेली नाही. अर्धं ऐकायचं आणि पूर्ण बोलायचं.

आमचं घर कार्ल्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. समोर भाताची खाचरं, मागं विहीर, विहिरीपलीकडं ओढा आणि ओढ्यावर एक छोटा पूल. जमिनीतल्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी खात्यातल्या एक मॅडम पुण्याहून आल्या, त्यांना असंच ठिकाण हवं होतं. त्यांनी ग्रामपंचायतीत विचारलं, विहिरीजवळ राहणारं, सदा घरी असणारं आणि कळवायला न कंटाळणारं कुणी आहे का. 'कळवायला न कंटाळणारं' म्हटल्यावर सगळी पंचायत माझ्याकडं बघायला लागली. मला तो मान वाटला. घरी परतताना आमचे हे म्हणाले, मान कसला, मॅडमनी लक्षणं सांगितली आणि गावानं रोगी ओळखला.

काम तसं सोपं होतं. अंगणात पावसाचं भांडं बसवलं, त्यात सकाळी किती पाणी साठलं ते बघायचं. पुलाच्या खांबावर आकड्यांची पट्टी रंगवली, ओढा कुठल्या आकड्याला लागलाय ते बघायचं. आणि आठवड्यातून एकदा विहिरीत वजन बांधलेला टेप सोडून पाणी किती खाली आहे ते वाचायचं. वरून आलं किती, वाहून गेलं किती आणि पोटात राहिलं किती, एवढंच ते. घर चालवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही असं मी मॅडमना ठणकावून सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या अंगणात लोणावळ्याच्या दुप्पट पाऊस पडला. मॅडम गाडी करून धावत आल्या. झालं होतं एवढंच, की भांड्यावर कोंबड्या चढायच्या, म्हणून मी ते मुळासकट उपटून पागोळीखाली आडोशाला नेऊन ठेवलं होतं. अख्ख्या कौलांचा पाऊस त्यात उतरला. मॅडमनी भांडं परत जागेवर रोवलं, भोवती जाळी बांधली आणि जाताना कोंबड्यांकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

विहिरीच्या आकड्यानं तर मला पार छळलं. टेप वरून खाली सोडायचा, म्हणजे पाणी जेवढं खोल जाईल तेवढा आकडा मोठा. आमच्याकडं विहिरीत पाणी किती उभं आहे ते सांगायची पद्धत. दोन परस पाणी आहे म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहिली तर बुडतील एवढं. मॅडमना बुडणारी माणसं नको होती, कोरडी जागा हवी होती. माझ्या विहिरीबद्दल कोरड्या जागेत बोलायचं म्हणजे पोरीच्या स्थळाला पोरीचे दात किती पडलेत ते आधी सांगण्यासारखं. पण शिकले.

कळवायचं मात्र मोबाईलवर बोलून. मॅडम म्हणाल्या, "मावशी, लिहायला नको, बोलून पाठवत जा." इथं त्या फसल्या. मला बोलायला लावणारं यंत्र मिळालं आणि मध्येच तोडणारं कुणी नाही. माझ्या निरोपात सुनेचा खोकला असायचा, खाचरातल्या चिंबोऱ्या असायच्या, हायवेला उलटलेला टेम्पो असायचा, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठंतरी विहिरीचा आकडा. आमचे हे म्हणायचे, तुझ्यासाठी त्या ऑफिसात वेगळं माणूस बसवलं असणार, आणि त्याची ऐकून ऐकून बदली होत असणार.

मग ते वर्ष आलं. आषाढ-श्रावणात नेहमीसारखं झोडपलं, आणि भादव्यात कुणी बटण दाबल्यासारखा पाऊस गेला तो गेला. परतीचा आलाच नाही. भात हाती लागलं, पण संक्रांतीला ओढा करंगळीएवढा झाला. शिमग्यात पोरं त्याच्या पात्रात क्रिकेट खेळायला लागली आणि पुलाच्या खांबावरची माझी पट्टी स्टंप झाली. मी तरी रोज सकाळी जाऊन ती वाचायची. पोरं खेळ थांबवायची, मी वाकून शून्य बघायची, पोरं परत खेळायची. वर डोंगराच्या अंगाला झालेल्या बंगल्यांच्या बोअर चालूच होत्या. त्यांच्या पोहायच्या हौदाला पट्टी लावायला मला कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर तिथं काहीतरी वाचायला मिळालं असतं.

या सगळ्याचा खरा फटका वरच्या वाडीला. वाडी आमच्या डोक्यावर, डोंगराच्या माचीवर. माझी लेक तिथंच दिलेली. वाडीचा झरा होळीआधीच आटला आणि हातपंप नुसता खोकायला लागला. माझ्या विहीणबाई, म्हणजे लेकीच्या सासूबाई, लेणीच्या पायथ्याच्या चहावाल्यांना दूध घालतात. दोन म्हशींतली एक आटलेली म्हणून दिवाळीलाच विकली होती. राहिलेली एक, लहानपणापासून हातानं पाजून वाढवलेली, आता गाभण. ती व्यायली की पुढचं वर्षभर घराला दूध, न व्यायली तर काही नाही. म्हशीला प्यायला पाणी लागतं किती ते ज्यानं डोक्यावरून वाहिलंय त्यालाच माहीत. विहीणबाई खालून, गावच्या नळावरून, कळशा नेत होत्या, गुडघ्याला हात लावत. वाडीनं टँकरसाठी अर्ज केला होता. टँकर आला तर म्हैस राहणार, नाही आला तर चाकणच्या बाजारात जाणार. व्यापारी येऊन दात बघूनसुद्धा गेला होता.

अशात एका दुपारी विहीणबाई आमच्या दारात. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यांनी तो घेतला नाही. सरळ मागं गेल्या, विहिरीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि आत वाकून बघायला लागल्या. आत काय होतं? चिखल, चिखलाला पडलेल्या भेगा आणि एक बेडूक, तोही निघायच्या तयारीत.

"कुटं हाय?" त्या म्हणाल्या.

"काय कुटं हाय?"

"पाणी. तुमच्या इहिरीला पाणी वाढलंय म्हणं."

ग्रामसेवकानं वाडीला सांगितलं होतं की टँकरचा अर्ज परत आला. पावसाची बेरीज कागदावर चांगली दिसत होती, कारण पडला तेव्हा धो धो पडला होता. ओढा तर दरवर्षीच आटतो. सगळा भरवसा होता जवळच्या विहिरीच्या मोजणीवर. आणि त्या विहिरीची पातळी मागल्या खेपेला वाढली अशी नोंद होती. जवळची विहीर म्हणजे माझी. मोजणारी म्हणजे मी.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खुर्चीत बसून कुणीतरी मनानं आकडे टाकतं आणि बदनामी माझ्या विहिरीची. मी विहीणबाईंना म्हटलं, बसा हितं, तुमच्या देखतच विचारते एकेकाला. मॅडमना फोन लावला, मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवला आणि सुरू झाले. मी काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही, पण सरकार, कागद, पंखे आणि पंख्याखालची माणसं यांतलं काही सुटलं नाही. मॅडम बिचाऱ्या शांत ऐकत होत्या. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "मावशी, तो निरोप माझ्याकडं आहे. ऐकवते."

आणि त्यांनी माझाच आवाज लावला.

स्वतःचा आवाज असा परक्यासारखा ऐकायला मिळू नये कुणाला. मला वाटायचं मी थोडक्यात बोलते. आधी कैऱ्या आल्या. मग सुनेच्या माहेरचं लग्न आलं, त्यात जेवणाचा मेन्यू. विहीणबाई माझ्याकडं बघत होत्या, मी कोंबड्यांकडं. मग वरमाईबद्दलच्या माझ्या मताशी निरोप जरा रेंगाळला, आणि शेवटी, अगदी दबक्या आवाजात, कुणाच्या मयताला गेल्यासारखं, मी म्हणत होते: "आणि ताई, काय सांगू, विहीर वाढली हो आमची."

मॅडमनी निरोप तिथंच थांबवला.

"मावशी," मॅडम हळूच म्हणाल्या, "वाढली म्हणजे?"

आता हे त्यांना कसं समजवायचं? आमच्या घरात कधी काही संपत नाही. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. माझ्या सासूबाई रिकामा डबा आपटत 'तांदूळ वाढले गं' म्हणायच्या, आणि नवी नवरी असताना मी आनंदानं बघायला जायची, कुणी आणून टाकले म्हणून. त्या दिवशी टेप विहिरीत सोडला तर खाली पाणीच नाही, वजन चिखलात रुतून वर आलं. वाचायला आकडाच नव्हता. आणि भरल्या कपाळाच्या बाईनं ज्या विहिरीचं पाणी लग्नापासून ओढलं तिला 'संपली' म्हणायला माझी जीभ वळली नाही. जी कधी कुठल्याच गोष्टीला अडली नाही ती जीभ नेमकी तिथं अडली. माझे निरोप ऐकून आकडे उतरवणाऱ्या ऑफिसातल्या पोरीनं बिचारीनं एवढं सगळं लग्न ऐकून घेतलं आणि शेवटी आकडा नाही म्हणून शब्द ऐकला तो लिहिला. चूक तिची कशी म्हणायची?

मी मान खाली घालून उभी. मला वाटलं आता विहीणबाई मला कठड्यावरून आत ढकलणार, आणि त्यात बुडायलाही पाणी नाही. पण त्या माझ्या हातातल्या फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "बरोबरच बोलल्यात की त्या. सवाष्णीनं आनि काय म्हणायचं? तुमास्नी मराठी समजत न्हाई तर आमी काय करायचं?"

मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. चूक आजच कळवते म्हणाल्या, पण आता परत पाहणीला माणूस येणार, तो बघणार, मग मंजुरी. लवकरात लवकर म्हटलं तरी बाजाराचा दिवस आधी होता. फोन ठेवला आणि मग विहीणबाईंचा तोल गेला. शब्द बरोबर होता ते वेगळं, म्हैस जाणार ते वेगळं. लेक दिलीत ती चांगली दिलीत, म्हणाल्या, तिच्यासंगं तोंड दिलं न्हाई तेवढे उपकार. मी ऐकून घेतलं. माझ्या आयुष्यात मी सलग ऐकून घेतल्याचा तो बहुधा एकच प्रसंग.

माझं माहेर वडिवळ्याचं. तिथं धरणाचं पाणी उन्हाळ्यातही असतं. मी म्हटलं, म्हैस पाऊस पडेपर्यंत माझ्या भावाकडं ठेवू. विहीणबाईंनी मान उडवली. सुनेच्या मामाच्या गोठ्यात जनावर बांधायचं, म्हणजे उद्या कुणाच्याही लग्नात चार माणसांत निघणार, की या घराला म्हैस पाजायची ऐपत न्हाई. व्यापाऱ्याला दिली तर निदान कुणी बोलणार न्हाई. त्यांचं खरं होतं. मानपानात मीही काही कमी नाही. मला त्यांच्याच भाषेत बोलायला हवं होतं.

"गाभण हाय ना ती?" मी म्हटलं.

"व्हय."

"पहिलटकरीण?"

"व्हय. मग?"

"मग पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत हाय. तिला माहेर न्हाई, माझं घ्या. त्यात कमीपणा कसला?"

विहीणबाई विहिरीत बघतच म्हणाल्या, "वटी भराय लागंल मग." तेव्हा मला कळलं की जमलं.

म्हैस टेम्पोत चढवायला अर्धी वाडी आली. विहीणबाईंनी तिच्या शिंगांना हळद लावली, कपाळाला कुंकू लावलं, समोर तांदूळ आणि नारळ ठेवला. तांदूळ तिनं खाऊन टाकले. आमच्या भावजयीला मी फोनवर आधी सांगितलं होतं, पण नेहमीसारखं बाकीचं सगळं सांगून झाल्यावर, त्यामुळं तिनं 'विहीणबाई माहेरपणाला येतायत' एवढंच ऐकलं आणि पुरणपोळ्या केल्या. टेम्पोतून आधी म्हैस उतरली. तिच्या मागून विहीणबाई उतरल्या, कारण त्या म्हशीला एकटी सोडायला तयार नव्हत्या. पुरणपोळ्या वाया गेल्या नाहीत.

इकडं पाहणीचा माणूस येणार त्या दिवशी मला घरात बसवलं. आमच्या ह्यांनी, सरपंचांनी आणि फोनवरून मॅडमनीसुद्धा एकच विनंती केली, की साहेब असेपर्यंत मी काही बोलू नये. मी न्हाणीच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी टेप सोडला, वर ओढला, चिखल बघितला, फोटो काढला. मग ओढ्याच्या पात्रात उतरले आणि पट्टीपाशी गेले. पोरांनी खेळ थांबवला. मला ओरडून सांगायचं होतं की तो आकडा मी इतके दिवस न चुकता वाचतेय, त्यात माझी काही गफलत नाही. पदराचा बोळा तोंडात धरून बसले. साहेब जाताना आमच्या ह्यांना म्हणाले म्हणे, मोजणी करणाऱ्या बाई फार कमी बोलतात वाटतं. आमचे हे अजून ते वाक्य लोकांना सांगतात.

टँकर मंजूर झाला. आता म्हैस आणायला हरकत नव्हती, म्हणून मी मळवलीहून लोकल धरली, कामशेतला उतरून पुढं वडिवळ्याला गेले. म्हैस धरणाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसली होती, डोळे मिटून. विहीणबाई काठावर, पाय पाण्यात सोडून. पंधरवड्यात दोघींच्या अंगावर तुकतुकी आली होती. मी टँकर मंजूर झाल्याचं सांगितलं. विहीणबाईंनी म्हशीला हाक मारली. तिनं एक कान हलवला आणि परत बसली.

"ह्यी काय आता येत न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "व्याली की येऊ."

"आनि टँकरला उभं कोन ऱ्हानार?"

लेक तळेगावला कंपनीत, तिची कामाची पाळी दिवसाची. जावई हॉटेलात. व्याही गुडघ्यांनी बसलेले. विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि पंचायतीनं बघितलं होतं तसं काहीतरी मला आठवलं. "तुमीच की," त्या म्हणाल्या. "तुमाला मोजायची आवड हाय. माझी चार पिंपं हायती, भरून घ्या."

म्हणून तो सगळा उन्हाळा मी एक दिवसाआड वाडीचा चढ चढले. टँकर दुपारी यायचा. वाडीच्या बायांना विहिरीची हकीकत अर्थातच कळली होती. मी दिसले की एकजण म्हणायची, मावशी आल्या, आता काही बोलू नका गं, नाहीतर टँकर वाढायचा. पाइप धरायला मात्र मलाच पुढं करायच्या, कारण टँकरवाल्याशी वाद घालायला कुणीतरी लागतं, आणि तिथं माझ्या तोंडाचा उपयोग होता. वाडीचा एकही हंडा रिकामा राहिला नाही हे मी अभिमानानं लिहिते. मॅडमना आता मी फक्त आकडा पाठवते. त्यांनी तसं सांगितलंय. बाकीचं सांगायचं असेल तर वेगळा निरोप पाठवा, तो मी घरी ऐकते म्हणाल्या. पाठवते.

रोहिण्या लागल्या तेव्हाची गोष्ट. पाइप माझ्या हातात, तिसरं पिंप भरत आलेलं, टँकरवाला पाणी बंद करतो म्हणत होता आणि मी नको म्हणत होते. तेवढ्यात कमरेचा मोबाईल वाजला. एका हातानं पाइप आणि एका हातानं फोन धरून मी ओरडले, कोण हाय. वडिवळ्याहून विहीणबाई होत्या.

"पारडी झाली," त्या म्हणाल्या. "म्हस बरी हाय. पारडी बी बरी हाय."

मागून काहीतरी सारखं हंबरत होतं, त्यामुळं मला नीट ऐकू येईना. मी विचारलं, हा गोंगाट कसला.

"तीच की," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्यावर गेलीया. उभी ऱ्हायल्यापासनं तोंड मिटलं न्हाई तिनं."